सोळा वर्षांचं काम दाखवायचं कसं? अनुभवी फ्रीलान्स वेब डेव्हलपरची ओळख, सोप्या भाषेत

गेल्या महिन्यात एका मित्राने त्याचा बायोडेटा वाचायला पाठवला. सोळा वर्षं तो वेबसाइट्स बनवतोय, त्यातली अकरा वर्षं फ्रीलान्सर म्हणून, इचलकरंजीतल्या घरातून. पहिल्या पानावर तंत्रज्ञानांची एक्केचाळीस नावं होती: एचटीएमएल, सीएसएस, पीएचपी, मायएसक्यूएल, जेक्वेरी, लाराव्हेल, रिॲक्ट, वर्डप्रेस आणि अशीच पुढे. दुसऱ्या पानावर साठेक साइट्सचे पत्ते. त्यातले दहा मी उघडून पाहिले. चार उघडलेच नाहीत. तीन साइट्स नंतर दुसऱ्याच कुणीतरी नव्याने केल्या होत्या, हे बघताक्षणी कळत होतं.

हा माणूस कामात किती पक्का आहे ते मी जवळून पाहिलंय. पण ती दोन पानं वाचून ते कुणालाच कळलं नसतं. कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं झालेला मुलगाही तेवढीच नावं लिहितो, कधी कधी जास्तच.

मी स्वतः याच धंद्यात आहे आणि ओळखीतल्या लहान कंपन्यांसाठी अधूनमधून डेव्हलपर निवडून देण्याचं कामही करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. हा लेखही दोघांसाठी आहे: ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांचं काम आहे पण ते मांडता येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना वेबसाइट करून घ्यायची आहे पण समोरच्याचा अनुभव खरा किती हे ओळखता येत नाही त्यांच्यासाठी.

मंगल कार्यालयाची साइट

आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू. समजा, एका मंगल कार्यालयाला ऑनलाइन बुकिंगची साइट हवी आहे. मोबाइलवर आपल्याला हॉलचे फोटो, कॅलेंडर, 'बुक करा' हे बटण दिसतं. तो पुढचा भाग, त्याला फ्रंटएंड म्हणतात. बटण दाबल्यावर ती तारीख मोकळी आहे का, आगाऊ रक्कम किती घ्यायची, पावती कुणाला पाठवायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालतो. तो मागचा भाग, बॅकएंड. आणि कुठल्या तारखेला कुणाचं लग्न आहे याची नोंद जिथे राहते ती वही म्हणजे डेटाबेस. पुढचं आणि मागचं दोन्ही सांभाळणाऱ्याला फुल स्टॅक डेव्हलपर म्हणतात.

आता ही साइट दोघांनी वेगवेगळी बनवली असं धरा. एक नवखा, एक मुरलेला. दोन्ही साइट्स कार्यालयाच्या मालकाला लॅपटॉपवर दाखवल्या तर त्याला काहीच फरक दिसणार नाही. कदाचित नवख्याची जास्त आवडेल, कारण त्याची रंगसंगती ताजी असेल.

मग वैशाखातला एक चांगला मुहूर्त येतो. सांगलीतलं एक कुटुंब आणि मिरजेतलं एक कुटुंब एकाच क्षणी त्याच तारखेचं बटण दाबतं. नवख्याचा प्रोग्रॅम आधी विचारतो, 'तारीख मोकळी आहे का?' दोघांनाही उत्तर मिळतं, 'आहे.' मग तो दोघांचीही नोंद करून टाकतो. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये सेकंदाचा एखादा तुकडा जातो, आणि सगळा घोळ त्या तुकड्यात होतो. मुरलेला डेव्हलपर डेटाबेसलाच सांगून ठेवतो की एका हॉलची, एका तारखेची, एका सत्राची नोंद एकदाच होऊ शकते. दुसरी नोंद आली की वहीच ती नाकारते आणि मिरजेच्या कुटुंबाला लगेच संदेश जातो की तारीख आत्ताच गेली, दुसरी निवडा.

पुढची गोष्ट पैशांची. यूपीआयने पैसे कापले गेले आणि त्याच वेळी मोबाइलची रेंज गेली. साइटला काहीच कळलं नाही. पैसे गेले, बुकिंग नाही. किंवा उलट: पेमेंट कंपनीचा सर्व्हर 'पैसे मिळाले' हा निरोप खात्री म्हणून दोनदा पाठवतो आणि साइट दोन पावत्या फाडते. पेमेंटचं काम ज्याने प्रत्यक्ष केलंय त्याला हे दोन्ही प्रकार माहीत असतात. तो प्रत्येक व्यवहाराला आधीच एक क्रमांक देतो, तोच निरोप परत आला तर दुर्लक्ष करतो, आणि रात्री एकदा आपली वही व पेमेंट कंपनीची वही ताडून पाहतो. आपल्याकडे दुकानदार गल्ल्याचा हिशोब दिवसाच्या शेवटी जुळवतात, तसंच हे.

या सगळ्यात अनुभवाचं फळ काय? दोन वरातींची एका दारात गाठ पडली नाही. कुणाचे पैसे अडकले नाहीत. म्हणजे काहीही घडलं नाही. फ्रीलान्स डेव्हलपरला आपला अनुभव मांडता येत नाही याचं मूळ मला इथे दिसतं. सुताराचं दार उभं असतं, शिंप्याचा शर्ट अंगावर दिसतो. अनुभवी डेव्हलपरच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे टळलेली संकटं, आणि टळलेल्या संकटाचा फोटो निघत नाही. ते शब्दांतच सांगावं लागतं, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

म्हणून मित्राला मी म्हटलं की 'पीएचपी, मायएसक्यूएल, पेमेंट गेटवे' ही ओळ काढ आणि तिच्या जागी हे लिही:

'मंगल कार्यालयांसाठी बुकिंग प्रणाली केली. एकाच तारखेची दोन बुकिंग होऊ नयेत याची व्यवस्था डेटाबेसच्या पातळीवर केली. पैसे कापले जाऊन बुकिंग न झालेले व्यवहार रोज रात्री आपोआप शोधून ग्राहकाला कळवले जातात. आराखडा, बॅकएंड आणि पेमेंटची जोडणी माझी; डिझाइन दुसऱ्या व्यक्तीचं.'

चारच वाक्यं. पण ज्याच्या डोक्याला दुहेरी बुकिंगचा ताप झालेला आहे तो मालक इथे थांबून फोन उचलतो. आणि जो जाणकार आहे त्याला 'डेटाबेसच्या पातळीवर' या दोन शब्दांतून कळतं की या माणसाने हे खरोखर केलेलं आहे.

वर्षं मोजायची कशी

'सोळा वर्षांचा अनुभव' ही ओळ सगळेच लिहितात. वेबच्या धंद्यात ती आणखी फसवी आहे, कारण या सोळा वर्षांत पायाखालची जमीन चार-पाचदा बदलली. मित्राने सुरुवात केली तेव्हा कित्येक ऑफिसांत अजून २००१ सालचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर चालत होता आणि त्याच्यासाठी वेगळा कोड लिहावा लागे. जेक्वेरी, म्हणजे पानावरच्या हालचालींसाठीचा तयार कोड, २००६ साली आली होती आणि सगळीकडे तीच होती. मोबाइलवर साइट म्हणजे बोटांनी फुगवून वाचायचं प्रकरण. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे पानाने स्वतःला जुळवून घेण्याची कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या साइट्स उघड्यानागड्या दिसायला लागल्या. फेसबुकने २०१३ मध्ये रिॲक्ट, म्हणजे साइटचा पुढचा भाग बांधायचं साधन, सर्वांना खुलं केलं. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने साइटवरच्या ॲनिमेशनसाठी वापरलं जाणारं फ्लॅश बंद केलं आणि ज्यांनी दहा वर्षं त्यात हात बसवला होता त्यांचं ते कसब एका रात्रीत कालबाह्य झालं.

मग प्रश्न येतो की जुनं लिहायचं की नाही. बरेच जण लाजेपोटी पुसून टाकतात, तर काही जण फ्लॅशपासून सगळं मांडतात. माझं मत असं की प्रत्येक जुन्या गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारावा: यातलं आज कुणाच्या कामाचं आहे? फ्लॅशची भाषा आज कुणाला नको. पण जुन्या पीएचपीचं, म्हणजे बॅकएंड लिहायच्या एका भाषेचं, तसं नाही. पीएचपी ५.६ ला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ ला थांबल्या, तरी त्यावर चालणाऱ्या साइट्स आपल्याकडे अजून सापडतात. कुठल्यातरी पतसंस्थेची, कुठल्यातरी शिक्षण संस्थेची. डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स २०१५ च्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली, त्यामुळे ती साइट नव्या सर्व्हरवर नेली की उघडायच्या आधीच कोसळते. असा कोड वाचून, चालू व्यवहार न थांबवता नव्यावर आणणारा माणूस शोधूनही सापडत नाही, कारण नव्या मुलांनी तो कोड कधी पाहिलेलाच नसतो. म्हणजे इथे 'जुनं येतं' हेच भांडवल आहे, फक्त ते 'जुन्या साइट्स सुरक्षितपणे नव्यावर आणतो' अशा शब्दांत लिहिलं पाहिजे.

आणि काही गोष्टी बदललेल्याच नाहीत. डेटाबेसची एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्ये १९७० च्या दशकात जन्मली, आजही तीच चालते. ज्याला ती खोलवर येते, त्याच्या बायोडेटात ती एक्केचाळीस नावांच्या गर्दीत सव्विसाव्या क्रमांकावर का असावी? मित्राच्या बायोडेटात ती तिथेच होती.

एकूण नावं दोन गटांत लिहिली तर वाचणाऱ्याला फार सोपं जातं: ज्यावर रोज हात असतो ती, आणि जी गरज पडली तर वाचून दुरुस्त करता येतात ती. पहिल्या गटात सहा-सातपेक्षा जास्त नावं आली की मला शंका येते. सगळ्याच गोष्टींपुढे 'एक्स्पर्ट' लिहिलेलं असेल तर ती शंका पक्की होते.

मराठीचं काम: जे आपल्याच लोकांना येतं

एका गोष्टीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण महाराष्ट्रातले अनुभवी डेव्हलपर ती कौशल्य म्हणून लिहीतच नाहीत. ती म्हणजे मराठी मजकूर हाताळण्याचं काम.

युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट्स पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या आयएसएम किंवा मॉड्युलर कंपनीच्या श्री-लिपीसारख्या व्यवस्थेतल्या फॉन्टवर चालत. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. असा वीस वर्षांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता लागतो. शिवाय त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात, आणि जोडाक्षर आलं की ती कितव्या अक्षराच्या मागे न्यायची हे प्रोग्रॅमला शिकवावं लागतं. ज्याने हे केलंय त्याने भाषा आणि संगणक दोन्हींशी झुंज घेतलेली असते.

आता एक शब्द जवळून बघू: 'शेतकऱ्यांची'. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात: शे, त, क, ऱ्यां, ची. संगणकाच्या लेखी मात्र ती अकरा चिन्हं आहेत, कारण मात्रा, काना, अनुस्वार, हलन्त हे सगळं तो वेगळं मोजतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत युनिकोडमुळे ७० च. आणि संदेश ७० च्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात व प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. एका साखर कारखान्याला दहा हजार सभासदांना ऊसबिलाचा संदेश पाठवायचा असेल, तर 'शेतकऱ्यांची' हा एक शब्द वगळल्याने संदेश दोनऐवजी एका तुकड्यात बसू शकतो आणि खर्च निम्म्यावर येतो. हे ज्याला माहीत आहे तो मजकूर लिहितानाच मोजतो.

त्याच शब्दातला 'ऱ्य' आणखी एक घोटाळा करतो. हे अर्धं र दोन पद्धतींनी टाइप होतं. एका कीबोर्डवर नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलन्त आणि य असं साठतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे यादीत शोधायला गेलं की निम्मी नावं सापडतात, निम्मी सापडत नाहीत, आणि ऑफिसातले लोक म्हणतात 'तुमचं सॉफ्टवेअर नावं खातं'. युनिकोडची नेहमीची नॉर्मलायझेशनची, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची, सोय हे दोन प्रकार एक करत नाही. मजकूर साठवतानाच स्वतःचा नियम लावून एक रूप करावं लागतं. माझ्या मित्राने हे तीन ठिकाणी केलंय. बायोडेटात त्याचा एक शब्दही नव्हता. विचारलं तर म्हणाला, "अरे, ते तर असंच करून दिलं होतं. त्यात काय लिहायचं?"

यातच तर लिहायचं. आज सरकारी खात्यांपासून बँकांपर्यंत सगळ्यांना भारतीय भाषांतली साइट हवी आहे, आणि इंग्रजी साइटला भाषांतर चिकटवलं की काम झालं असं समजणारेच जास्त आहेत. 'मराठी मजकुराचा शोध, क्रमवारी आणि एसएमएस नीट चालवतो' ही ओळ पुण्याबाहेरच्याच काय, बंगळुरूच्या कंपनीलाही थांबवेल.

पुरावा कुठून आणायचा

साइट्स मरतात. मालक धंदा बंद करतो, डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे भरायचे राहतात, नवा मॅनेजर येतो आणि सगळं नव्याने करून घेतो. पाच वर्षांपूर्वीचं काम आज जसंच्या तसं दिसेल अशी अपेक्षाच चुकीची. म्हणून पत्त्यांची यादी हा पुरावा होऊ शकत नाही. काम सुपूर्द केलं त्याच दिवशी मुख्य पानांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि चार ओळींची नोंद तारखेसह ठेवावी. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्यासाठी इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे. २००१ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे आणि त्यात १९९६ पासूनची पानं साठवलेली आहेत. जुना पत्ता टाकला की बऱ्याचदा आपलं हरवलेलं काम तिथे सापडतं, फोटो गेलेले असले तरी सांगाडा दिसतो. मित्राच्या न उघडणाऱ्या चारपैकी तीन साइट्स आम्हाला तिथे मिळाल्या.

आकडेही पुरावा असतात, पण कामाच्या आधी मोजलेले असतील तरच. 'साइट वेगवान केली' याला अर्थ नाही. गूगलच्या मापाने, पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसला तर वेग चांगला. तेव्हा 'मोबाइलवर मुख्य मजकूर दिसायला आधी अमुक सेकंद लागत, आता अमुक लागतात' असं लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी कामाला हात लावण्याआधी मोजून ठेवण्याची सवय लागते. जुने आकडे नसतील तर अंदाजाने भरू नयेत. मुलाखतीत 'हे कसं मोजलं?' हा पहिला प्रश्न असतो.

मग कोड दाखवण्याचा प्रश्न. नवीन मुलं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, सगळं उघडं ठेवतात, अनुभवी माणसाचं गिटहब बहुतेक रिकामं असतं, कारण त्याचा सगळा कोड क्लायंटच्या बंद खात्यात असतो. रिकामं खातं बघून त्याला कच्चा समजणं हा अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो.

इथे कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडवर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क कंपनीचा. फ्रीलान्सर मात्र नोकर नसतो. त्यामुळे लेखी हस्तांतर केलं नसेल तर हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो. हस्तांतर केलं पण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. बहुतेक क्लायंटना हे माहीत नसतं, बऱ्याच फ्रीलान्सरनाही नसतं. पण हक्क आपला आहे म्हणून कोड उघडा करावा असं मी म्हणणार नाही. गोपनीयतेचा करार केला असेल तर तो हक्कापेक्षा वेगळा आणि तितकाच बांधणारा असतो. करार नसला तरी कुणाच्या धंद्याची आतली रचना चव्हाट्यावर मांडणं बरं नव्हे.

मार्ग आहे. क्लायंटचं नाव न घेता लिहायचं: 'पश्चिम महाराष्ट्रातली एक सहकारी पतसंस्था.' अडचण काय होती, मी काय ठरवलं आणि का, कुठला पर्याय सोडला. आणि कोडच दाखवायचा असेल तर तोच प्रश्न सोडवणारा छोटा, नवा, स्वतःचा नमुना लिहून ठेवायचा. दुहेरी बुकिंग रोखणारा पन्नास ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. नवं काम करताना करारातच एक वाक्य घालून घ्यावं, की या कामाचं वर्णन आणि स्क्रीनशॉट माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला तुमची परवानगी आहे. सुरुवातीला विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. तीन वर्षांनी विचारायला जावं तर ओळखीचा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो.

'मी' म्हणायला जीभ का अडखळते

फोनवर मी मित्राला विचारलं, "ती दूध संघाची साइट तूच केलीस ना?"

"हो. म्हणजे, आम्ही तिघांनी केली."

"त्यात तू काय केलंस?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "संकलनाचा हिशोब सगळा मी लिहिला. फॅटप्रमाणे दर बदलतो ना, ते."

बायोडेटात लिहिलं होतं: 'दूध संघासाठी वेबसाइट विकसित करण्यात आली.' करण्यात आली! कुणी केली ते नाहीच. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की आपली पाठ आपणच थोपटू नये, आणि ती शिकवण चांगलीच आहे. पण वाचणाऱ्याला इथे कौतुक नको असतं, त्याला जबाबदारी कुणाची होती ते हवं असतं. 'हिशोबाचा भाग माझा, ॲप दुसऱ्याचं, सर्व्हर तिसऱ्याचा' असं लिहिणं ही फुशारकी नाही. उलट 'आम्ही' लिहिणारा माणूस नकळत दोघांचं श्रेय स्वतःकडे ओढतो, किंवा स्वतःचं दोघांत वाटून टाकतो. दोन्हींमध्ये वाचणारा अंधारात राहतो.

मधल्या रिकाम्या वर्षांचंही असंच. मुलं लहान होती, आईवडिलांचं आजारपण होतं, हे लपवण्यासाठी तारखा ओढूनताणून जुळवलेल्या मी पाहिल्या आहेत, विशेषतः परत कामाला लागणाऱ्या बायकांच्या बायोडेटात. एक सरळ ओळ पुरते: '२०१८ ते २०२१ घरच्या जबाबदारीमुळे काम थांबवलं होतं, परत येताना अमुक शिकून हा छोटा प्रकल्प केला.' जो क्लायंट एवढ्यावरून नाकारतो त्याच्याबरोबर पुढे रात्री-अपरात्री काम करणं तसंही कठीणच गेलं असतं.

बाहेरच्या देशातल्या क्लायंटसाठी

परदेशी कामाचा मोठा वाटा अपवर्कसारख्या, फ्रीलान्सरना काम मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजारांतून येतो. अपवर्क म्हणजे १९९९ सालचं ईलान्स आणि २००३ सालचं ओडेस्क एकत्र होऊन २०१५ मध्ये मिळालेलं नाव. तिथले शेरे आणि तारे तिथेच राहतात, दुसरीकडे नेता येत नाहीत. म्हणून काम संपल्यावर क्लायंटकडून दोन ओळी ईमेलवरही मागून ठेवाव्यात.

वेळेबद्दल मोघम लिहू नये. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. 'तुमच्या सकाळी नऊ ते दुपारी बारा मी बोलायला उपलब्ध असतो' असं त्यांच्या घड्याळात लिहिलेलं वाक्य 'वेळेची अडचण नाही' यापेक्षा कितीतरी विश्वासाचं वाटतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आता प्रत्येक जण विचारतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून पाच मिनिटांत बरा दिसणारा कोड कुणीही काढून देतं, त्यामुळे 'कोड लिहितो' एवढंच सांगण्याला पूर्वीसारखं वजन राहिलेलं नाही. साधन वापरत असाल तर वापरतो म्हणावं, कशासाठी ते सांगावं, आणि ते बाहेर पडलेलं तपासतं कोण हे सांगावं. मंगल कार्यालयाच्या साइटमधला तो सेकंदाचा तुकडा कुणाच्या लक्षात येणार आहे, हे क्लायंटला जाणून घ्यायचं असतं.

निवडणाऱ्याने काय विचारावं

ज्यांना तंत्र कळत नाही त्यांनी तंत्राचे प्रश्न विचारूच नयेत. 'तुमची एखादी साइट बंद पडली होती ती गोष्ट सांगा' असं विचारावं. अनुभवी माणसाकडे ती असतेच. किती वाजता कळलं, कुणी कळवलं, आधी काय पाहिलं, बॅकअप किती जुना होता, नंतर काय बदललं, हे तो तारखेनिशी सांगतो. 'माझी साइट कधीच पडली नाही' म्हणणाऱ्याने एकतर फार काम केलेलं नसतं किंवा त्याला कुणी कळवलेलं नसतं. दुसरा प्रश्न: 'आमच्या या कामात तुम्हाला कशाची भीती वाटते?' जो म्हणतो 'काही नाही, होऊन जाईल', त्याला मी आजवर कधी सुचवलेलं नाही. आणि तिसरं, डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा) कुणाच्या नावावर राहणार ते विचारावं. प्रामाणिक फ्रीलान्सर स्वतःहून सांगतो की ते तुमच्याच नावावर असलं पाहिजे.

मित्राचा नवा मजकूर दोन रविवारांत तयार झाला. एक्केचाळीस नावांची आता सात उरली, साठ साइट्सच्या जागी पाच कामांची वर्णनं आली, आणि शेवटी एक परिच्छेद त्याने स्वतःहून घातला: 'मी डिझाइन करत नाही, मोबाइल ॲप करत नाही, आणि आधीच्या डेव्हलपरशी पैशांचा वाद चालू असलेलं काम तो मिटेपर्यंत घेत नाही.' मला तो परिच्छेद सगळ्यांत आवडला.

मजकूर चढवायला म्हणून मी त्याची स्वतःची साइट उघडली, तर ब्राउझरने लाल इशारा दाखवला: हे कनेक्शन सुरक्षित नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळणारं, कनेक्शन सुरक्षित करणारं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं होत राहतं. त्याने मार्चमध्ये सर्व्हर बदलला होता आणि क्लायंटच्या कामांच्या गडबडीत ते आपोआप चालणारं काम नव्या सर्व्हरवर लावायचं राहिलं होतं. आधी ते लावलं. हिरवा कंदील मिळायला दहा मिनिटं लागली. मग रात्री साडेअकराला मजकूर लाइव्ह केला, आणि सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढून तारीख घालून ठेवले.